पाइपाचा बैल

आमच्या घरात लाकूड कमी आणि लाकडाचं सोंग जास्त होतं. बाबा पेंटर होते. साकोलीत हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते ट्रकांवर नंबर टाकत, दुकानांच्या पाट्या रंगवत, पण त्यांचं खरं नाव होतं ते लोखंडी कपाटांसाठी. त्या काळी मुलीच्या लग्नात लोखंडी कपाट देणं ही मोठी गोष्ट झाली होती, आणि देणाऱ्याला ते लोखंडी दिसायला नको असायचं. लोक बैलगाडीतून कपाट आणून उतरवत आणि म्हणत, "पेंटर, याले सागवान करून द्या." पलीकडे नागझिऱ्याचं जंगल पसरलेलं, सागवानाला काय तोटा; पण त्या सागवानाला हात लावला की जंगलखात्याचा माणूस दारात उभा. म्हणून बिचाऱ्या लोखंडालाच सागवान व्हावं लागायचं. बाबा आधी पिवळट रंगाचा एक हात देत. तो वाळला की त्यावर पातळ केलेला तपकिरी रंग ओढत, आणि तो ओला आहे तोवर कोरड्या ब्रशानं, चिंधीनं, कधी कोंबडीच्या पिसानं त्यात रेघा काढत. बघता बघता पत्र्यावर झाड उगवायचं. ते संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या आधी टर्पेंटाईनचा वास घरात शिरायचा, आणि आई म्हणायची, "आले सागवान."

आता मी नागपुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. इथे जमिनीपासून दारापर्यंत सगळं लाकडासारखं आहे आणि लाकडाचं काहीच नाही. सून कौतुकानं सांगते की अगदी खरं वाटतं. मी चष्मा लावून बघते. थोड्या थोड्या अंतरावर तीच गाठ, तेच वळण, जणू जंगलात एकच झाड होतं. मी काही बोलत नाही, म्हातारीनं किती ठिकाणी तोंड घालायचं? पण बाबांनी एकदा काढलेली गाठ दुसऱ्यांदा काढली नाही, एवढं मनात येऊन जातं. ते म्हणायचे, लाकडाला स्वतःचीच नक्कल येत नाही, मग आपण कशाला करायची?

आमचं घर बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं, पुढे ओटा आणि मागे आंगण. रात्रंदिवस ट्रकांचे भोंगे. पाहुण्यांना झोप लागायची नाही आणि आम्हाला पाहुण्यांच्या गावी शांततेत झोप लागायची नाही. माझा धाकटा भाऊ गुणवंत, आमचा गुणू, लहानपणी तापानं फणफणला आणि ताप उतरला तेव्हा त्याचा उजवा पाय लुळा पडला होता. पोलिओ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, 'पायाचं' एवढंच म्हणत. तो चालायचा तो उजवा हात गुडघ्यावर दाबून, प्रत्येक पावलाला कंबरेतून वाकून. रोज दिवेलागणीला आई पळीत मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करायची, पाटावर बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि चोळत राहायची. तेल पायाला लावण्याआधी ती एक थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवायची, तिथे सोसलं तरच पुढे. चुलीवर लाखोळीच्या डाळीला उकळी येत असायची, तिचा कच्चट गोड वास आणि टोरीच्या तेलाचा कडवट वास एकमेकांत मिसळलेला असायचा. पाय सुधारला नाही. पण तिनं चोळणं सोडलं नाही, आणि गुणूनंही कधी 'आज राहू दे' म्हटलं नाही.

पुण्या-मुंबईकडच्या माणसांना तान्हा पोळा सांगावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत मारुतीच्या देवळापुढे नेतात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांग लावतात, आणि नंतर घरोघर जाऊन बोजारा म्हणजे खाऊ मागतात. आमच्याकडे शेती नव्हती, खरे बैल नव्हते. होता तो आजोबांनी बिजाच्या लाकडातून कोरलेला एक बैल, रुंद छातीचा, आखूड शिंगांचा आणि भलता जड. खरे बैल नसल्यानं आई खांदशेकणीचं, सणाच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकण्याचं, सगळं त्याचंच करायची. पोळ्याच्या संध्याकाळी तूप-हळद कडकडीत तापवायची आणि पळसाच्या पानानं त्याच्या खांद्यावर सोडून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खऱ्या बैलाला कोमट तूप लावतात, पण लाकडाला कडकडीतच हवं, तरच ते आत मुरतं आणि लाकूड तडकत नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. खरंच तो बैल कधी तडकला नाही.

पण त्या जड बैलाला ओढणार कोण? गुणूचा एक हात गुडघ्यावर अडकलेला. उरलेल्या एका हातानं तो बैल हलायचा नाही, हललाच तर गुणूच तोंडावर पडायचा. म्हणून दरवर्षी आमचा चुलतभाऊ रमेश बैल ओढायचा आणि गुणू मागून चालायचा. तोरणाखाली लोक रमेशला टिळा लावत, रमेशच्या हातावर खाऊ ठेवत. रमेश भला पोरगा, खाऊ निम्मा गुणूला द्यायचा. एका वर्षी घरी आल्यावर गुणूनं तो खाऊ घेतलाच नाही. ओट्यावर बसून म्हणाला, "बैल आपला, अन् पोळा रमेशचा. पुढच्या वर्षी मी वढतो, नाई तं मी जातच नाई."

आई म्हणाली, "बाजारातून हलका आनू." पण त्याच वर्षी एका पोरानं मेळ्यातला लालभडक प्लास्टिकचा बैल आणला होता आणि त्याची काय गत झाली ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. तोरणापाशी डोमाजी आजा उभे असत. मोहल्ल्यातले सगळ्यात जुने शेतकरी, कमरेत वाकलेले, आवाज मात्र हायवेपर्यंत जाणारा. आमच्या मोहल्ल्याची रीत अशी की प्रत्येक बैलाच्या खांद्यावरून आजांनी हात फिरवायचा, खऱ्या बैलाचा फिरवतात तसा, आणि मगच त्यानं तोरणाखालून जायचं. त्या लाल बैलावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हे का हाय? बैल म्हनजे लाकडाचा. प्लास्टिक का नांगर वढते?" पोरांना तेवढंच हवं होतं. 'प्लास्टिक, प्लास्टिक' करत त्यांनी त्या पोराला घरापर्यंत पोचवलं. तो बिचारा रडत गेला. गुणूच्या वाट्याला हे यायला नको होतं, आणि जड बैल तर त्याला ओढवत नव्हता. घरात सगळ्यांना एवढं कळत होतं, यापुढे कुणालाच काही सुचत नव्हतं.

मार्ग सापडला तो नळयोजनेच्या खड्ड्यात. गावात नळ यायचे होते, जागोजागी खणलेलं होतं आणि राखाडी पाइपांचे कापून उरलेले तुकडे पडलेले होते. मुकादमाला विचारून बाबा एक जाड नळकांडं आणि काही बारके तुकडे घेऊन आले. आंगणात शेगडी पेटवली. पाइप निखाऱ्यांवर धरला की तो कणकेसारखा मऊ व्हायचा, त्या वेळी दाबाल तसा दबायचा आणि गार झाला की तसाच राहायचा. वास इतका घाण की आईनं पदर नाकाला लावला आणि चुलीपासून ओरडली, "घर जाळून राहिले का?" जाड नळकांड्याचं धड झालं, बारक्यांचे पाय, एक तुकडा चिरून, मऊ करून, दाबून डोकं. सगळं बाबांनी खिळ्यांनी जोडलं आणि पोटात धानाची तनस, म्हणजे पेंढा, ठासून भरली, म्हणजे वाजवलं तर पोकळ वाजायला नको. खाली चाकं बसवली. गुणूनं एका बोटानं ओढून बघितला, तो गडगडत आंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. गुणू एवढा हसला की आई चूल सोडून बाहेर आली.

मग बाबांनी त्याला सागवान करायला घेतलं, आणि तिथे त्यांची विद्या आडवी पडली. कपाटावर करायचे तसंच सगळं केलं, पिवळट हात, तपकिरी हात, रेघा. वाळल्यावर बैल झकास दिसला. गुणूनं नखानं जरासं खरवडलं तर रंगाचं सालपट उसाच्या सालीसारखं निघून हातात आलं. बाबांनी दुसऱ्यांदा रंगवलं, दुसऱ्यांदा निघालं. "प्लास्टिक रंग धरत नाई, बेटा," ते म्हणाले आणि ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात टाकून बसून राहिले. आयुष्यभर लोखंडाचं सागवान करणाऱ्या माणसाला एक पाइप दाद देत नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला सुचलं ते पाट धुताना. आमचा जेवायचा पाट इतकी वर्षं राखेनं घासला गेला होता की त्याचा मऊ भाग झिजून गेला होता आणि कडक रेषा वर राहिल्या होत्या. हात फिरवला की बोटांना लागायच्या. बाबांच्या कपाटावर हात फिरवला तर काहीच लागायचं नाही, तिथे लाकूड फक्त डोळ्यांना असायचं. मी बाबांच्या पेटीतून लोखंड कापायची हेक्सा पत्ती काढली आणि तिच्या दातांनी बैलाच्या पाठीवर लांब ओरखडे काढले. करकर असा आवाज झाला की दातांत कळ यायची. मग त्यावर काचकागद फिरवला, बाबांना हाक मारली. त्यांनी रंग लावून चिंधीनं पुसला. वरचा रंग पुसला गेला, ओरखड्यांतला आत राहिला. बाबांनी नखानं खरवडलं. निघाला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतंच "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून तेवढं निघणं म्हणजे आमच्या घरी सत्कारच होता.

पण माझे ओरखडे नांगराच्या तासांसारखे सरळ आले होते. लाकूड वाटेना, कंगवा फिरवलेलं डोकं वाटायचं. आई जळतनाची लाकडं फोडता फोडता थांबली आणि एक फाळका माझ्यापुढे धरला. "हे पाह्य. फांदी जिथं फुटते तिथं लाकूड तिले वळसा घालून जाते. सरळ कायले जाईन?" खरंच रेषा गाठीपाशी येऊन दुभंगत होत्या आणि पुढे पुन्हा मिळत होत्या, नाल्यातलं पाणी दगडापाशी करतं तसं. मी जुना खिळा तापवून गाठी डागल्या आणि पत्ती त्यांच्याभोवती वळवली. पायांवर रेषा उभ्या हव्यात, नाही तर तो पाय मोडेल, हेही आईचंच. शिंगांच्या टोकाला, जिथे लाकूड कापलेलं दिसायचं, तिथे मी वर्तुळात वर्तुळं कोरली. शाळेतून आले की मी आंगणात, गुणू शेजारी काचकागद धरून, आई तिच्या कामात आणि मध्येच येऊन 'इथं गाठ पायजे' म्हणणारी. माझ्या बोटांची सालं निघाली. शेवटचा हात बाबांनी दिला, आणि तो बैल ओट्यावर ठेवला तेव्हा शेजारीण येऊन विचारून गेली, कोणत्या लाकडाचा आणला म्हणून. गुणूनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. इतकं सुख मला पुढे कुठल्या परीक्षेनं दिलं नाही.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं, लाखोळीचे वडे तळले जात होते, बाहेर खऱ्या बैलांच्या घुंगरमाळा वाजत जात होत्या. संध्याकाळी आईनं पाट मांडला, त्यावर नवा बैल ठेवला, हळदकुंकू लावलं. बाबा शेडमधून यायचे होते. मी दारात रांगोळी घालत होते. चुलीवरून तुपाची पळी उतरवल्याचा चर्र आवाज मी ऐकला आणि काही वाटलं नाही, दरवर्षीचाच आवाज तो. आईनं पळसाचं पान धरलं आणि दरवर्षीसारखं कडकडीत तूप बैलाच्या खांद्यावर सोडलं. "आज आवतन घ्या," ती म्हणाली. पुढचं तिनं म्हटलंच नाही. खांदा बसत चालला होता. हळूहळू, जनावर दमून खाली बसावं तसा. मी काढलेल्या रेषा एकमेकींजवळ आल्या आणि त्यांच्या सुरकुत्या झाल्या.

निखाऱ्यांवर तो पाइप मऊ होताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. घाण वासानं ओरडलीही होती. गाठी कुठे हव्यात तेही तिनंच सांगितलं होतं. पण तूप हातात घेतलं तेव्हा तिच्यापुढे लाकडाचा बैल होता. आपण सगळ्यांनी मिळून केलेलं सोंग आधी आपल्या आईलाच खरं वाटलं, यावर हसावं की रडावं हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. ती मात्र रडली. पळी तशीच हातात धरून म्हणत राहिली, "मी का केलं हे, मी का केलं." बाबा आले, त्यांनी आतून काडी घालून खांदा वर उचलायचा प्रयत्न केला, पण तो गार होऊन घट्ट झाला होता. पुन्हा तापवायचं म्हणजे मानही जाणार आणि रंगही. "आता हात लावू नोका," ते म्हणाले. "गुणू, या वर्षी आजोबाचाच बैल ने. रमेश वढून देईन." गुणू त्या बसलेल्या खांद्यावरून बोटं फिरवत राहिला.

सकाळी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या आरोळ्यांनी जाग आली तेव्हा तो अंघोळ करून तयार होता. पाइपाच्या बैलाच्या गळ्यात त्यानं घुंगरू बांधले होते, पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल टाकली होती. खांदा झुलीखाली येत नव्हता. आई म्हणाली, "बाबू, हासतीन रे लोक." तो म्हणाला, "हासू दे. मी माहाच बैल वढतो." तूप सांडलं होतं तिथे रंग ताणून आतला राखाडी पाइप दिसत होता, तिथे मी बोटानं तपकिरी रंग चोपडला आणि आम्ही निघालो. गुणू पुढे, एक हात गुडघ्यावर, एका हातात दोरी. मी त्याच्या बाजूने, आई मागे. चाकं खडखडत होती आणि तो वाकत, उठत, वाकत चालला होता. रस्त्यात कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं.

तोरणाखाली रांग लागली. डोमाजी आजा एकेका बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत आले, टिळा लावत आले. गुणूच्या बैलापाशी त्यांचा हात खांद्याच्या खळग्यात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी बोटानं टकटक केलं. तनस भरली होती तरी ज्याच्या हाताखालून जन्मभर लाकूड गेलं त्याला काय कळायचं नाही?

"याचा खांदा कायले बसला, बापू?" आजांनी विचारलं.

गुणूनं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. पडला, आपटला, काहीही. तो म्हणाला, "मायनं तूप लावलं, आजा. लय गरम होतं."

मागून एक पोरगा ओरडलाच, "प्लास्टिकचा हाय! म्हनून बसला!" दोन-चार पोरांनी री ओढली. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. गुणूनं मान खाली घातली नाही.

"चूप बसा बे!" आजांचा आवाज हायवेपर्यंत गेला असणार. ते त्या ओरडणाऱ्या पोराच्या बैलाकडे वळले. "काल तुह्या बैलाले बी तूप लावलं ना घरी? मंग? समजलं का त्याले काई?" आजांनी आमच्या बैलाच्या खळग्यावर पुन्हा हात ठेवला. "याले समजलं. लोक लाकडाचे बैल आनतेत. हे पोरगं जिता बैल घेऊन आलं. चाल बापू, पयले तू."

गुणू पुढे झाला. रांगेतली मोठमोठी बिजाची, शिसवाची धुडं थांबली आणि माझ्या भावानं एका हातानं ओढलेला पाइपाचा बैल घुंगरू वाजवत सगळ्यांच्या आधी तोरणाखालून गेला. टिळा त्यालाच लागला, खाऊ त्याच्याच हातावर पडला. परत आला तेव्हा त्यानं निम्मा खाऊ मोजूनमापून रमेशला दिला, त्यात जरा टेंभा होता, पण तेवढा त्याला शोभला. बाबा गर्दीच्या कडेला उभे होते. घरी जाताना ते मला म्हणाले, "सुमे, मानेजवळची ती गाठ चांगली आली." मी रस्त्यातच रडले.

गुणूनं तो बैल मोठा होईपर्यंत ओढला. नंतर त्याच्या मुलांनी ओढला, आणि अजूनही तो साकोलीच्या घरात फळीवर उभा आहे, रंग ठिकठिकाणी उडालेला, खांदा तसाच बसलेला. त्याला तुपाची काही गरज नव्हती. प्लास्टिकमध्ये तूप मुरत नाही, ते तडकतही नाही, हे आईला त्या संध्याकाळी चांगलंच कळलं होतं. तरी ती होती तोवर तिनं एकाही पोळ्याला त्याचं आवतन चुकवलं नाही. पाट मांडायची, पळीत तूप-हळद करायची, पळसाचं पान बुडवायची. फक्त आता ते पान बैलाच्या खांद्याला लावण्याआधी ती एक थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची.